तळे खुले झाले, मासळी कुणाची?

20 मार्च जवळ आला की विदर्भातून महाडकडे गाड्या भरून निघतात. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो दिवस आमची चळवळ विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. मुंबई कायदेमंडळात 1923 सालीच बोले यांचा ठराव झाला होता, तरी तळ्यावर माणसांना चालून जावे लागले आणि हायकोर्टाचा निकाल यायला मार्च 1937 उजाडला. पुढे राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द आले ते उगीच नव्हे. परंतु तळ्यात पाण्याखेरीज मासळीही असते, आणि त्या मासळीवर कुणाचे तरी पोट असते, याकडे आम्ही चळवळीच्या लोकांनी फारसे पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

महाड दूर आहे. आमच्या अंगणातला भंडारा घ्या. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब जिथून उभे राहिले आणि पडले, तोच हा तलावांचा जिल्हा. 1999 साली त्यातून गोंदिया वेगळा झाला. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. त्यांचे कसब मोठेच. नवेगाव बांध आजही उभा आहे. मात्र पाळीवर माती कुणी वाहिली, याची नोंद कोणत्या मालगुजाराने ठेवली? तलाव मालगुजाराचा, पाणी धानाचे आणि मासे धरायचे ढिवराने, तेही मालगुजाराच्या मर्जीने, अशी ही व्यवस्था होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागला.

कागदावर हे सगळे न्याय्य आहे. ढिवर समाज भटक्या जमाती (ब) मध्ये मोडतो, बहुतेकांकडे शेती नाही, तेव्हा तलावच त्यांची शेती. मग ही शेती पिकूनही घरात काही का येत नाही?

याचे उत्तर बिजात आहे. या तलावांत पूर्वी मरळ, शिंगी, मांगूर असे गावठी मासे होते. ते तलावातच अंडी घालत, तिथेच वाढत. त्यांचे बी कुणाला विकत घ्यावे लागत नसे. सरकारी योजनांनी कटला, रोहू, मृगल आणले. हे मासे लवकर वाढतात, वजन चांगले देतात, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. म्हणजे दर पावसाळ्यात बी विकत आणा, सोडा, आणि उन्हाळ्यापर्यंत वाट पहा. बिजाला पैसा लागतो, ठेक्याच्या रकमेला पैसा लागतो. संस्थेकडे तो नसतो, व्यापाऱ्याकडे असतो. तो जूनमध्ये उचल देतो आणि मे महिन्यात भाव ठरवतो. जाळे ढिवराचे, थंडीत छातीभर पाण्यात उभे राहणेही ढिवराचे, आणि काटा मात्र व्यापाऱ्याचा! सावकारी कायद्याने बंद झाली असे कुणी म्हणाले तर त्याला तलावाच्या पाळीवर आणून उभे करावे. त्यात बाजारात आंध्रची मासळी बर्फाच्या पेट्यांतून येऊन पडते. तिच्यापुढे गावच्या माशाचा भाव टिकत नाही.

कितीतरी ठिकाणी संस्थेच्या यादीत नाव एकाचे आणि पाण्यात दुसराच, असेही ऐकू येते. सभासदाला आमसभा कधी झाली ते ठाऊक नसते. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासळी विकणारी बाई तर बहुतेक यादीत नसतेच. सहकाराच्या नावाने धनदांडग्यांनी साखरेत जे केले, तेच इथे लहान मापाने चालते. (आणि त्यात आपल्यातलेच दोनचार पुढारी भागीदार असतात, हेही लिहून टाकतो, राग यायचा असेल त्यांना येवो.)

याच भागात अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी वेगळी वाट काढली आहे. तलावात माजलेली बेशरम त्यांनी उपटली, गाळ झालेल्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या. कारण साधे आहे. गावठी माशाला लपायला, खायला, अंडी घालायला पाण्यातले गवत लागते. गवत आले की मासा परतू लागतो. या स्त्रियांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नाही. पण बी विकत घ्यावे लागले नाही तर व्यापाऱ्याची उचलही कमी घ्यावी लागते, हा हिशेब त्यांना पक्का कळतो.

2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, विजेचे दर, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळणार म्हणून जाहिराती झाल्या. निर्णय चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की सवलत कुणाच्या नावावर पडणार? ज्याच्या नावावर तळे आहे, ठेका आहे, पिंजरे आहेत त्याच्या, की जो जाळे ओढतो त्याच्या? भौतिक साधनांची मालकी सर्वांच्या हिताची व्हावी, असे कलम 39 सांगते. ते कलम तलावाच्या पाळीपर्यंत पोचलेले नाही.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे. बौद्ध वस्ती आणि ढिवर टोली यांच्यामध्ये एका बोळाचे अंतर असते, पण जयंतीची वर्गणी सोडली तर आपण तो बोळ ओलांडत नाही. या वेळी ओलांडा. संस्थेची सभासद यादी मागा, माहितीच्या अधिकारात ठेक्याची प्रत काढा, यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. बाईचे नाव नसेल तर का नाही, ते आमसभेत विचारा. मे महिन्यात तलाव आटेल आणि मासळी निघेल. त्या दिवशी पाळीवर जा, काट्यापाशी कोण उभा आहे आणि वही कुणाच्या हातात आहे ते पहा, आणि आम्हाला लिहून कळवा.