आधी टायर, मग उंची

चाकोरीबाहेर / वाटसरू

"जिम्नी घेतली, आता लिफ्ट किती इंचाची मारू?" पावसाळा ओसरायला लागतो, गौताळ्याचे डोंगर अजून हिरवे असतात, आणि हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणारे बहुतेक तरुण असतात. नवी गाडी हातात आलेली असते आणि मोबाइलवर कुणाची तरी उचललेली, जाड टायरांची गाडी पाहून झालेली असते. मी उलट विचारतो, गाडी अडली कुठे? बऱ्याच जणांची अजून कुठेच अडलेली नसते. ज्यांची अडली आहे त्यांना पुढचा प्रश्न: काय टेकलं? नाक टेकलं, पोट टेकलं की खालचा गोळा टेकला? लिफ्ट घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर किती, हे या एका उत्तरावर ठरतं.

जिम्नीचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही आख अखंड आहेत. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत बैलगाडीच्या आखासारखी एकच सलग नळी, आणि तिच्या अंगावर डिफरेन्शियलचा गोळा. स्प्रिंग बसते ती या आखाच्या वर. लांब स्प्रिंग घातली की चेसी वर जाते, बॉडी वर जाते, बंपर वर जातो. आख मात्र जागचा हलत नाही. त्याची उंची ठरवतं चाक, आणि चाक तर तेच आहे. म्हणून कंपनी सांगते त्या 210 मिलिमीटरमध्ये दोन इंच मिळवून 260 धरणारा माणूस फसतो. उभ्या गाडीखाली वाकून टेप लावा. लिफ्टच्या आधी आणि नंतर गोळ्याखालचं अंतर तेच भरेल.

आपल्या भागात हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त लागू पडतो, कारण आपल्याकडे गाडी अडते ती बहुधा पाणंद रस्त्यावर. फुलंब्री, कन्नड, सिल्लोड, कुठेही मुख्य रस्ता सोडून शेताकडे वळा. भर पावसात ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेलेल्या असतात, दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये गवताळ वरंबा उभा असतो. ऊन पडलं की तो दगडासारखा वाळतो. जिम्नीची चाकं चाकोरीत उतरतात आणि गोळा त्या वरंब्यावर घासत जातो. इथे लिफ्टचा काडीचा उपयोग नाही. एक चाक वरंब्यावर आणि एक बाहेरच्या काठावर ठेवून चालवता आलं तर गाडी निघते. नाहीतर मोठं टायर लागतं.

मोठं म्हणजे किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. जिम्नीचं मूळ टायर 195/80 आर 15, व्यास सुमारे 693 मिलिमीटर. बरेच जण 215/75 आर 15 घालतात आणि गाडी उंच झाली म्हणून खूश होतात. त्याचा व्यास भरतो साधारण 703, म्हणजे आखाखाली वाढ पाचच मिलिमीटर. 235/75 आर 15 घातलं तर व्यास 733 च्या पुढे जातो आणि गोळा खरोखर 20 मिलिमीटर वर येतो. पण हे टायर मूळ उंचीच्या गाडीत पूर्ण वळणावर किंवा एक चाक खड्ड्यात दाबलं गेलं की आत घासायला लागतं. लिफ्टचं पहिलं खरं काम हे: मोठ्या टायरला जागा करून देणं. त्याची किंमतही आहे. चाक जवळपास सहा टक्के मोठं झालं की गिअर तेवढे लांबतात. काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 च्या आसपास असते. दीड लिटरचं, 134 न्यूटन मीटरचं इंजिन मुळात जेमतेम आहे. म्हैसमाळच्या चढावर चार माणसं घेऊन जाताना दुसऱ्या गिअरमध्ये हा फरक पायाला कळतो.

आणि काळी माती? तिथे टायरही नाही आणि लिफ्टही नाही. भिजलेली काळी माती फुगते, चाकाला चिकटते, खोबणी भरून टाकते आणि मडगार्डच्या आत लगदा होऊन बसते. मग कितीही महाग टायर असो, ते गुळगुळीत रबरच होतं. शेतकरी वापसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही. गाडीवाल्यानेही तोच नियम पाळावा. दुसऱ्याच्या शेताच्या कडेला फूटभर खोल चाकोऱ्या पाडून, वर ट्रॅक्टर बोलावून बाहेर निघणं याला मी ऑफरोडिंग म्हणत नाही. तो रस्ता त्या माणसाला रोज वापरायचा असतो.

लिफ्टचं दुसरं खरं काम मात्र आपल्याकडच्या जिम्नीला विशेष लागू आहे. जून 2023 मध्ये मारुतीने इथे आणली ती पाच दारांची. तिच्या दोन आखांमधलं अंतर 2590 मिलिमीटर. तीन दारांच्या जिम्नीत ते 2250 आहे. गाडी लांबली ती मधल्या भागात, त्यामुळे नाक आणि शेपूट जवळपास पूर्वीइतकंच मोकळं राहिलं. पुढचा कोन 36 अंश आहे, म्हणजे उत्तम. अडचण पोटाची. तीन दारांच्या गाडीत पोटाचा कोन 28 अंश होता, आपल्या गाडीत तो 24 आहे. शेताचा बांध ओलांडताना, नाल्याच्या काठावरून खाली उतरताना, किंवा डोंगरातल्या वाटेवर कातळाची पायरी लागली की पुढची चाकं पार होतात आणि मध्ये काहीतरी करकरतं. इथे लिफ्ट कामाला येते. 40 ते 50 मिलिमीटर उचललं की पोटाच्या कोनात साधारण साडेतीन-चार अंशांची भर पडते, म्हणजे लांबीमुळे जे गमावलं ते बहुतेक परत मिळतं. तुमची गाडी पोटावर टेकत असेल तर लिफ्ट घ्या. माझा आक्षेप नाही.

आता किती? बाजारात जिम्नीसाठी 40 ते 50 मिलिमीटरची किट सर्वांत जास्त दिसतात आणि माझ्या मते तिथेच थांबावं. त्यातही आकड्याआधी वजन बघा. गाडीचं रिकामं वजन सुमारे 1200 किलो, भरून कमाल 1545. मधले साडेतीनशे किलो जेमतेम. चार मोठी माणसं बसली की त्यातले पावणेतीनशे-तीनशे गेले. वर लोखंडी बंपर, विंच, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर तंबू, मागे जेरीकॅन. गाडी मर्यादेबाहेर कधी गेली हे मालकाला कळतही नाही. जाड स्प्रिंग घातल्याने ही मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच असतात आणि आखही तेच. उलटही होतं. दीडशे किलो कायम लादलेलं असेल असं धरून बनवलेली कडक स्प्रिंग एकट्यादुकट्याने फिरणाऱ्या माणसाने घातली, तर गाडी खड्ड्यात बसत नाही, उडते. चाक जमिनीला धरून राहणं हेच ज्या यंत्रणेचं काम, तिने चाक हवेत सोडलं तर काय उपयोग? म्हणून किट विकणाऱ्याला उंची विचारण्याआधी विचारा: ही स्प्रिंग किती कायम वजनासाठी आहे?

स्प्रिंगबरोबर शॉकअप बदलायलाच हवेत. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत फेकते. शॉकअप ती तेल बारीक छिद्रांतून ढकलून जिरवतो. दोघांची जोडी जुळलेली नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर तीनदा डुलते. आपल्या गावात हे कळणाऱ्यांची कमी नाही. वाळूजला एन्ड्युरन्सचे कारखाने दुचाकींचे शॉकअप आणि पुढचे फोर्क बनवतात. तिथे टेस्टिंगवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याशी अर्धा तास बोला, दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. सर्वांत स्वस्त उपाय म्हणून स्प्रिंगवर ठोकळा, म्हणजे स्पेसर बसवतात. मूळ शॉकअप तसाच ठेवून ठोकळा घातला की चाक खाली लोंबायची जागा तेवढी कमी होते. शॉकअप आधीच ताणलेला असतो, आणि चाक खड्ड्यात पडलं की सगळा झटका त्याच्या टोकावर येतो. अशी गाडी पार्किंगमध्ये उंच दिसते आणि खडकावर चाक लवकर उचलते.

गॅरेजमध्ये गाडी दोन खांबांच्या जॅकवर चढवली की खाली उभं राहून बघा. आख लोंबकळत असतो. पुढच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी पाहा. लिफ्टनंतर ती ताणून सरळ झाली असेल तर लांब नळी घ्यावी लागेल. ती तडजोडीची जागा नाही. मग आखाला आडवा धरून ठेवणारा दांडा पाहा, ज्याला पॅनहार्ड म्हणतात. त्याचं एक टोक चेसीला, दुसरं आखाला. चेसी वर गेली की दांडा तिरपा होतो आणि आखाला एका बाजूला ओढतो. गाडी मागून पाहिली तर एका बाजूचं चाक बॉडीबाहेर जास्त दिसतं. लांबी कमीजास्त करता येणारा दांडा घातला की हे दुरुस्त होतं. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आखाला पुढून-मागून धरणारे हात खाली झुकले की पुढचा आख किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होतं ते या कोनामुळे. तो गेला की स्टिअरिंग सैल, भटकं वाटतं.

हे शेवटचं मी पुन्हा सांगेन, कारण आपली जिम्नी फक्त डोंगरात राहत नाही. तीच गाडी शनिवारी सावंगीला समृद्धीवर चढते. तिथे कारसाठी 120 ची मर्यादा आहे, उघडं माळरान आहे आणि आडवा वारा आहे. गाडीची रुंदी 1645 मिलिमीटर, उंची 1720. मुळातच उंची रुंदीपेक्षा जास्त. त्यात 50 मिलिमीटर वर गेली, कॅस्टर कमी झाला, टपावर तंबू आला आणि शेजारून कंटेनर गेला, तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरूनही गाडी लेन सोडायला बघते. कॅस्टर दुरुस्त करणारे वेगळे बुश मिळतात. ते किटच्या यादीत नसतील तर किट अपुरं आहे असं समजा. आणि उचललेल्या गाडीने समृद्धीवर 90 च्या पुढे जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिप्सीवाल्यांचं गणित वेगळं. 1985 पासूनची ही गाडी कमानपाट्यांवर चालते आणि पाटे मूळचे आखाच्या खाली असतात. ते काढून आखावर बसवले की गाडी एकदम चार-पाच इंच वर जाते, म्हणून हा उद्योग फार लोकप्रिय. पण तेवढ्या उंचीवर स्टिअरिंगचे दांडे तिरपे होतात, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस खायला लागतात, आणि चढावर जोर दिला की आख पाट्यांना पिळतो. स्पर्धेपुरती गाडी असेल तर ठीक, घरच्या गाडीला हे करू नये. लांब शॅकल घालूनही कॅस्टर बिघडतो. जुन्या जिप्सीला खरी गरज असते ती बसलेले पाटे नीट कमान देऊन घेण्याची आणि नव्या बुशांची. त्यातच गाडी पूर्वीच्या उंचीवर येते.

कायद्याबद्दल दुकानदार "काही होत नाही" म्हणतो. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 म्हणतं की निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणीचा मेळ बसणार नाही असे बदल मालकाने करू नयेत. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. हे सगळं माहीत असून निर्णय घ्या.

पण मला ही व्यवस्था पटत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये सस्पेन्शनने 50 आणि टायरने 25, मिळून 75 मिलिमीटरपर्यंत उंची वाढवायला वेगळ्या इंजिनीअरच्या दाखल्याची गरज पडत नाही. त्यापुढे दाखला लागतो. आपल्याकडेही सीएनजी किट तपासून मंजूर होतं, आरटीओ त्याची नोंद करून देतं. पुण्यात एआरएआयसारखी संस्था असताना 40-50 मिलिमीटरचं चांगलं किट तपासून मंजूर का करू नये? आज नियम असा आहे की जबाबदारीने पूर्ण किट बसवणारा आणि ठोकळे ठोकणारा, दोघेही सारखेच दोषी. मग माणूस स्वस्तातलं निवडतो. परिवहन खात्याने यात लक्ष घालावं.

बसवून घ्यायचं ठरलंच तर गॅरेजवाल्या दादांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. हात आणि पॅनहार्डचे रबरी बुश असलेले नट-बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडी खाली घेऊन, चाकांवर वजन आलं, दोनदा दाबून हलवली, मग आवळावेत. लोंबत्या स्थितीत आवळले तर गाडी उभी असतानाही रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत खाली घेणं, आणि सपाट फरशीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं माप वहीत लिहून ठेवणं. पहिली डोंगरवाट झाली की हेच माप पुन्हा घ्या आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासा. स्प्रिंग बसली असेल, किंवा एखादा बोल्ट सैल झाला असेल, तर तो तिथेच सापडतो.