कमी गुण पाठवायचे की झाकून ठेवायचे?



दिवाळीच्या सुट्टीत माझी एक माजी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. चौथीत माझ्या वर्गात होती, आता बारावीला आहे. वडील चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. मामा अमेरिकेत असतो, त्यामुळे तिकडे इंजिनिअरिंग शिकायचं हिच्या मनात आलं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर इथलं कॉलेज आहेच, असं घरात ठरलेलं. त्यासाठी तिने सॅट परीक्षा दिली होती. १६०० पैकी १२९० गुण पडले.

फराळाला हातही न लावता आई म्हणाली, "मॅडम, हिचा मामा म्हणतोय हे मार्क दाखवूच नका. नाही दाखवले तरी चालतात म्हणे तिकडे. तुम्ही सांगा, काय करायचं?"

मी डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका. मला सॅटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. पण पोरगी मान खाली घालून बसली होती. पेपर वाटले की कमी गुणांचा पेपर घडी घालून दप्तरात कोंबणारी मुलं अशीच बसतात. म्हणून म्हटलं, "चल, आपण दोघी बसून वाचू."

त्या दोन-तीन दिवसांत जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते. आपल्यातली बरीच मुलं अमेरिकेला जाणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण गुण दाखवायचे की झाकायचे हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

आपल्याला या निवडीची सवयच नाही

आपल्याकडे मुलाला असं काही ठरवावं लागत नाही. दहावीला सहा विषयांपैकी चांगले पाच धरून ५०० पैकी टक्केवारी काढतात. सर्वात कमी गुणांचा विषय मंडळच बाजूला ठेवतं. (या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चा वाद २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि पद्धत टिकली.) जेईई मेन दोनदा दिली तर त्यातले चांगले गुण धरले जातात. पुढे गुणवत्ता यादीत फक्त आकडा बोलतो. मूल कुठून आलं, घरी कोण शिकलेलं आहे, हे ती यादी विचारत नाही.

एकदा मात्र आपल्याकडेही ऐच्छिक परीक्षा येऊ घातली होती. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी ठरली. द्यायची त्याने द्यावी. पण जे देतील त्यांना आधी प्रवेश आणि उरलेल्या जागा बाकीच्यांना, असा नियम होता. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती सीईटी रद्द ठरवली. तेव्हा कितीतरी पालकांनी विचारलं असेल, "ऐच्छिक म्हणजे नक्की किती ऐच्छिक?" अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दलही तोच प्रश्न पडतो.

तिकडे काय चालतं?

२०२० मध्ये कोरोनात परीक्षा केंद्रं बंद पडली, तेव्हा तिथल्या बहुतेक नामवंत कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. आता चित्र एकसारखं नाही. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली. डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तसंच जाहीर केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही. बाकी कित्येक ठिकाणी अजून मुलाची मर्जी चालते. म्हणजे पहिलं काम, प्रत्येक कॉलेजचा यंदाचा नियम त्याच्याच संकेतस्थळावर वाचणं. मामाच्या वेळचा नियम आज असेलच असं नाही.

दुसरं काम म्हणजे 'मधले निम्मे' शोधणं. बरीच कॉलेजं प्रवेश मिळालेल्या मुलांचे गुण जाहीर करतात. वरची पाव मुलं आणि खालची पाव मुलं सोडली तर मधल्या निम्म्यांचे गुण कुठून कुठपर्यंत आहेत, हे त्यात दिसतं. समजा, एका कॉलेजात ते १२२० ते १४०० आहेत. तिथे १२९० कमी नाहीत. दुसरीकडे ते १५०० च्या वर सुरू होतात. तिथे तोच आकडा खाली पडतो. आकडा एकच, पण तो कमी की जास्त हे वाचणाऱ्यावर ठरतं.

यातही एक मेख आहे. जिथे गुण ऐच्छिक आहेत, तिथे हे आकडे फक्त गुण पाठवणाऱ्या मुलांचे असतात. कमी गुणांची मुलं पाठवत नाहीत, म्हणून आकडा फुगतो. तो बघून आणखी मुलं घाबरतात.

सॅट पुन्हा सक्तीची करताना डार्टमथने आपल्याच प्राध्यापकांचा अभ्यास पुढे ठेवला. त्यात एक गोष्ट होती, जी वाचून मी थांबले. बेताच्या परिस्थितीतल्या काही मुलांनी १४०० च्या घरातले गुण पाठवलेच नव्हते. कॉलेजच्या नेहमीच्या आकड्यांपुढे त्यांना ते कमी वाटले. प्रत्यक्षात ती मुलं जिथून आली, ते पाहता त्याच गुणांनी त्यांचा फायदा झाला असता. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून चुकीच्या जागी लाजली.

आम्ही काय ठरवलं?

सहा कॉलेजांची यादी केली. एकात सॅट सक्तीची, तिथे प्रश्नच नाही. दोन ठिकाणी मधले निम्मे १५०० च्या आसपास सुरू होत होते, तिथे पाठवायचे नाहीत. तीन ठिकाणी १२९० मधल्या टप्प्यात किंवा त्याला लागून होते, तिथे पाठवायचे. तिचे गणितात ७१० होते आणि भाषेत ५८०. इंजिनिअरिंगसाठी गणिताचे ७१० हा तिचा भक्कम आकडा, आणि तोच झाकायला निघालो होतो! शिवाय मुलगी कोणत्या शाळेतून आली, आई-वडील किती शिकले, हेही त्या अर्जात लिहिता येतं. प्रवेश गुणांशिवाय मिळाला तरी काही शिष्यवृत्त्यांना गुण लागतात, तेही एकेक तपासलं.

"मॅडम, न पाठवणं म्हणजे खोटं बोलणं नाही ना?" तिने विचारलं. जिथे अर्जच निवड देतो, तिथे नाही. पण जिथे गुण मागितलेत, तिथे खरे आणि मागितले तेवढे सगळे द्यायचे. यात तडजोड नाही.

उत्तरं अजून यायची आहेत. काय येतील माहीत नाही.

आता माझ्याबद्दल

तिची ती खाली घातलेली मान बघून मला माझाच एक फलक आठवला. आपली शिष्यवृत्ती परीक्षा ३०० गुणांची, आणि पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. एका वर्षी मी वर्गाबाहेर फक्त पात्र मुलांची नावं आणि गुण लावले. एका मुलाला दोन्ही पेपर मिळून ११८ होते. कामासाठी गाव सोडून इकडे आलेलं कुटुंब. पोरगा आमच्या शाळेत आला तेव्हा त्याला मराठी वाक्य धड वाचता येत नव्हतं. त्याची आई फलक वाचत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या पोराचं नाव नाही व्हय?" मी म्हटलं, "पात्र नाही झाला." एवढंच. त्या वर्षी वर्गात सर्वात लांबचा पल्ला त्याने गाठला होता, आणि त्याचे गुण झाकले मी.

आपल्या चौकाचौकांत निकालाचे फ्लेक्स लागतात. त्यावर ९५ च्या खालचा चेहरा दिसत नाही. क्लासवाले, शाळा, आपण सगळे मिळून मुलांना शिकवतो की कमी आकडा म्हणजे झाकायची वस्तू. मग अठराव्या वर्षी खरी निवड समोर आली, की मूल हिशेब करत नाही, लाजतं.

म्हणून माझं मत सांगते. गुण पाठवावेत की नाही, हे त्या कॉलेजचा नियम, तिथले मधले निम्मे आणि मुलाची वाट बघून ठरवा. काही ठिकाणी न पाठवणंच शहाणपणाचं असतं. पण 'लोक काय म्हणतील' या एका कारणासाठी कुठलाही आकडा झाकू नका.

पालकहो, मुलाने कमी गुणांचा पेपर दाखवला तर पहिला प्रश्न "शेजारच्याला किती?" असा नको. "मागच्या वेळी किती होते?" असं विचारा. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, यंदा फलक लावताना गुणांसोबत 'कुठून कुठे आला' असाही एक रकाना करू या. माझ्या वर्गात मी केलाय. त्यात सगळ्यांची नावं आहेत.