शेतकी विद्यापीठांतील पैसा कोठें पेरावा?

शेतकीच्या उच्च शिक्षणावर सरकारनें खर्च करावा कीं नाहीं, हा वाद आतां कोणी घालीत नाहीं. राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशीं चार शेतकी विद्यापीठें आपल्या राज्यांत आहेत, आणि आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें त्यांच्या कॉलेजांत शिकतात. आमचा प्रश्न निराळा आहे. या विद्यापीठांवर जो पैसा खर्च होतो, त्यांतील किती पैसा शिकविण्याची रीत सुधारण्यासाठीं शिक्षकाच्या हातीं पडतो? आमच्या मतें हा वाटा फारच तोकडा आहे. विहीर खणली, इंजिन बसविलें, पण दारें धरावयास माणूस नसला तर पाणी पिकाला न लागतां बांधाबाहेर जातें. तशीच गत येथें होते.

२०१७ सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें जागतिक बँकेच्या साह्यानें राष्ट्रीय कृषि उच्च शिक्षण प्रकल्प हातीं घेतला. त्याचा अंदाजी खर्च ११०० कोटी रुपयांचा होता. त्यांतून प्रयोगशाळा सुधारल्या, कांहीं विद्यार्थी व शिक्षक परदेशीं शिकून आले. हें चांगलेंच झालें. तो प्रकल्प आतां संपला आहे. पुढें २०२४ सालीं परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीनें पदवीचा नवा अभ्यासक्रम सुचविला. परंतु छापील अभ्यासक्रम बदलला म्हणजे वर्गांतील तास बदलतो असें नाहीं. तो बदलणारा शिक्षकच, आणि त्याला त्यासाठीं लागतो वेळ.

एक उदाहरण घेऊं. अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत दिसली आणि त्याच वर्षीं आपल्याकडील मक्यावर आली. अशी नवी कीड आल्यावर टिपणवहींत तिचें नांव घालणें हें एका तासाचें काम आहे. पण विद्यार्थ्यानें स्वतः मक्याच्या ओळींतून फिरून पोंग्यांतील अळी ओळखावी, शंभर झाडांत किती झाडें लागलीं तें मोजावें आणि फवारणी करावी कीं थांबावें याचा निर्णय कारणांसह द्यावा, अशा रीतीनें तोच विषय पुन्हां रचावयाचा तर शिक्षकाचे कित्येक महिने जातात. शेत मिळवावें लागतें, गाडीभाडें लागतें, मदतनीस लागतो आणि परीक्षाही निराळी घ्यावी लागते. हा खर्च कोणत्या खात्यांतून करावयाचा?

यावर कोणी म्हणेल कीं, शिक्षकाला पगार मिळतोच; मग आणखी अनुदान कशाला? आक्षेप रास्त वाटतो, परंतु जागा रिकाम्या असल्यामुळें एकाच शिक्षकावर दोघांचे तास पडतात, आणि बढतीच्या वेळीं मोजले जातात ते मुख्यतः संशोधनाचे निबंध. चांगलें शिकविल्याबद्दल शाबासकी मिळते, पायरी चढतां येत नाहीं. अशा स्थितींत जुनीच टिपणें पुन्हां वाचली जातात, यांत नवल तें काय?

हें काम आपल्याकडे अशक्य आहे असें मात्र नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आपल्या सहकारी शिक्षकांसह पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली. ती १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. त्या गांवांतील सरासरी खातें १७७१ सालीं सुमारें ४० एकरांचें होतें, तें १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलें, ही गोष्ट त्यांनीं जुनीं दफ्तरें पाहून व बांधावर जाऊन सिद्ध केली. शिक्षक गांवांत गेले म्हणूनच ती कळली.

पैसा कसा द्यावा, याचा धडा अमेरिकेंत मिळतो. पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वीमन यांनीं २००६ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत व २००७ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत अशी योजना चालविली. पैसा इमारतींस न देतां, चढाओढीनें निवडलेल्या विभागांस दिला. त्यांतून विषय जाणणारे मदतनीस नेमले व शिक्षकांनीं त्यांच्या साह्यानें एकेक विषय नव्यानें रचला. प्रश्न तीनच होते: विद्यार्थ्याला काय करतां आलें पाहिजे, प्रत्यक्षांत तो काय शिकतो, आणि कोणत्या रीतीनें तो अधिक शिकेल. शिक्षकांच्या कामाची कदर संशोधनावरूनच होते, ही मोठी अडचण त्यांनाही आली.

म्हणून आमची मागणी अशी. प्रत्येक विद्यापीठानें दरवर्षीं थोडे विषय निवडावे. ते रचणाऱ्या शिक्षकाचे निम्मे तास एका पूर्ण हंगामापुरते कमी करावे व मदतनीसाचा खर्च द्यावा. शेवटचा हप्ता विद्यार्थ्यांची शेतावर परीक्षा झाल्यावरच मिळावा, आणि त्या परीक्षेस दोन जाणते शेतकरी बसवावे. असें काम बढतींत संशोधनाच्या बरोबरीनें धरलें जावें.

आपणांसही यांत कर्तव्य आहे. शेवटच्या वर्षीं कृषिदूत व कृषिकन्या आपल्या गांवीं येतात. त्यांना बीजप्रक्रियेचें प्रात्यक्षिक व छायाचित्र एवढ्यावर परत पाठवूं नये. शेताचा एक तुकडा, आपल्या जमाखर्चाची वही आणि आपल्या अडचणी त्यांच्यापुढें मोकळ्या मनानें ठेवाव्या. हींच मुलें उद्यां कृषि अधिकारी होतील, कृषि सेवा केंद्रांत बसतील. त्यांच्या चुकीच्या सल्ल्याची किंमत त्यांच्या गुणपत्रिकेंत दिसत नाहीं. ती आपला हंगाम भरतो. हा तोटा ज्याला सोसावा लागतो, त्यानें शिक्षणाच्या पैशाचा हिशेब विचारण्यास संकोच बाळगूं नये.