जाळी, कल्हई आणि जीर्णोद्धार

जमिनीतून ऊब येते, ही कल्पना महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला परकी वाटेल. उत्तर अमेरिकेतील असंख्य जुन्या घरांत मात्र तळघरातल्या भट्टीतून गरम हवा पत्र्याच्या नळांवाटे खोल्याखोल्यांत जाते आणि जमिनीत बसवलेल्या धातूच्या जाळीतून वर येते. आम्ही सध्या राहतो ते घर १९२० च्या दशकातले आहे आणि त्यात अशा जाळ्यांच्या दोन पिढ्या नांदत आहेत. दिवाणखान्यातली जाळी बिडाची, जड, वेलबुट्टीची. पंखा नसलेल्या भट्टीच्या काळात गरम हवा केवळ हलकी म्हणून वर चढे. तिला वाट रुंद लागे, म्हणून जाळीही ऐसपैस. पुढे पंखा आला आणि नळ अरुंद झाले. स्वयंपाकघरातली जाळी या नंतरच्या काळातली: चार इंच बाय दहा इंचांची, पातळ पत्र्याची, पितळी झळाळीची.

दोन्ही झिजल्या आहेत. स्नेह्यांपैकी काहींचा सल्ला असा, की सगळ्याच टाकून द्या, नव्या स्वस्तात मिळतात. इतरांचे म्हणणे, जुने ते सोने, हात लावू नका. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच आळसाचे आहेत. वस्तू नीट न पाहताच निकाल देण्याचा हा आळस आहे.

पाहायचे म्हणजे काय? पितळी दिसणाऱ्या जाळीला चुंबक लावावे. चिकटला नाही, तर ते भरीव पितळ असण्याचा संभव मोठा; घासून पुन्हा उजळता येते. चिकटला, तर वरचा मुलामा तेवढा पितळी आणि आत लोखंडी पत्रा. अशा जाळीला जितके घासावे तितकी तिची झळाळी निघून जाते. तिचा पत्रा वाकला असेल, झडप हलत नसेल, तर ती बदलावी आणि अश्रू ढाळू नयेत. फक्त माप घ्यायचे ते जुन्या जाळीच्या काठाचे नव्हे, जमिनीतल्या भोकाचे. शिवाय नवी नक्षी इतकी दाट नको की हवाच अडेल.

बिडाच्या जाळीचे तसे नाही. तिचा गंज वरवरचा असतो. गंज काढून, प्रायमर देऊन, धातूचा रंग लावून तो पुरता वाळू दिला, की ती आणखी कित्येक हिवाळे काढते. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करीत, ती याच न्यायाने: भांडे तेच, पृष्ठभाग नवा. परंतु इथे एक इशारा आवश्यक आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते. तपासणी न करता अशी जाळी कोरडीच घासली, तर ती विषारी धूळ घरभर पसरते, आणि जमिनीवर रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जाते. आपल्या स्मरणरंजनाची किंमत त्या मुलाने का मोजावी?

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे पुराण कशासाठी, असे कोणी विचारील. हा वाद मुळात आपल्याही क्षेत्रातला आहे. जॉन रस्किनने १८४९ मध्ये 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथात वास्तूंच्या तथाकथित पुनरुद्धाराला असत्य ठरवले. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. दुरुस्तीला त्याचा विरोध नव्हता. खरवडून, नवे घडवून त्यालाच जुने म्हणण्याला होता.

आता आपल्या जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या पाहा. १९६२ च्या लेखननियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार गेले. एकोणिसाव्या शतकातले पुस्तक आज छापताना ते गाळले, तर शालेय वाचकासाठी ती कल्हई आहे असे आम्ही मानू. अभ्यासकाच्या आवृत्तीत मात्र ते गाळणे म्हणजे मुलाम्यासह नक्षीच घासून टाकणे होय. आणि शब्दच बदलला, परिच्छेद गाळला, तर ती जाळी बदलणे झाले. बदलायलाही आमची हरकत नाही. पण बदलली असे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे. न सांगता केलेला बदल विद्यार्थ्याला दिसत नाही. त्याच्या भरवशावर तो प्रबंध लिहितो.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच: जे भरीव आहे ते उजळावे, जे पोकळ झाले आहे ते बदलावे, आणि आपण यांपैकी काय केले ते लपवू नये. आमच्या दिवाणखान्यातली जाळी तपासणीहून परत आली, की तिला काळा रंग देणार आहोत. स्वयंपाकघरात नवी बसेल, आणि ती नवीच दिसेल.