घड्याळाच्या चाकाचा तोल

कुरुंदवाडला २०१९ च्या महापुरात भिजलेली चावीची घड्याळे काही घरांत अजून पेटीत पडून असतील. साफ करूनही ‘एचएमटी जनता’ आडवे ठेवले की बरोबर, आणि उभे केले की कधी पुढे, कधी मागे? मग बॅलन्स चाकाचा तोल तपासून घ्या. हे चाक तासाला १८,००० हेलकावे घेते. कारागीर त्याची केसाएवढी स्प्रिंग काढून चाकाचा आस दोन सपाट धारांवर टेकवतो. जड बाजू आपोआप खाली येते, टेकू देऊन उचललेल्या गाडीच्या चाकासारखी. तिथला कणभर धातू काढायचा, पुन्हा पाहायचे. चाक फिरवाल तिथे थांबले, की तोल जमला. जास्त धातू गेला तर मात्र पंचाईत! एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. नवे चाक सहज मिळत नाही. म्हणून उभ्या-उभ्या दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती आजोबांचे घड्याळ देऊ नका.