नानांचं गाणं का अडखळतं?

आज थोडं विज्ञान, थोडं गणित आणि एक चूक. चूक माझीच आहे, तेव्हा खुशाल हसा.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, त्यांना काचबिंदूमुळे आता जवळजवळ दिसतच नाही. वाचन सुटलं, टीव्ही सुटला, उरलं ते गाणं. म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्या खोलीत एक अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर बसवले. हे यंत्र वाय-फायवरून इंटरनेटवरचं गाणं स्वतःच ओढून घेतं. (ब्लूटूथचं तसं नसतं बरं का! तिथं गाणं आधी फोनमध्ये येतं आणि फोनमधून स्पीकरकडे जातं. फोन खिशात घालून कुणी भाजी आणायला गेलं की गाणंही त्याच्याबरोबर गेलं!) सकाळी किशोरीताई आमोणकर, संध्याकाळी भीमसेन जोशी, असा नानांचा नेम ठरला.

पण संध्याकाळी गाणं मध्येच थांबायचं. कधी अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. मग आपलं आपण सुरू. मला वाटलं, इंटरनेटचा वेग कमी पडतोय. मी तडक ४० एमबीपीएसचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं करून घेतलं. बिल वाढलं. गाणं मात्र पूर्वीसारखंच अडखळत राहिलं!

हिशेब न करता पैसे भरले, ही माझी चूक. तुम्ही करा बरं हिशेब. सीडीवरच्या गाण्यात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद घेतलेली असते. प्रत्येक नोंद १६ बिटांची. आणि डावा-उजवा असे दोन आवाज. ४४,१०० गुणिले १६ गुणिले २. किती आले? १४,११,२००. म्हणजे सेकंदाला साधारण १४ लाख बिट. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट! एवढ्यात सत्तर जण एकाच वेळी सीडीच्या दर्जाचं वेगवेगळं गाणं ऐकू शकतील. आमच्या घरात माणसं पाच. पूर्वीचे ४० एमबीपीएससुद्धा रग्गड होते.

मग अडत होतं कुठं? तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी तासभरच येतं, पण टाकी भरलेली असते म्हणून दिवसभर तुमची धार तुटत नाही. गाण्याच्या यंत्रातही अशीच एक छोटी टाकी असते. तिला बफर म्हणतात. पुढच्या काही सेकंदांचं गाणं तिच्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. वाय-फाय क्षणभर तुटलं तर कळतही नाही. पण जास्त वेळ तुटलं की टाकी कोरडी आणि गाणं बंद. जुन्या रेडिओला लहर नीट मिळाली नाही की खरखर यायची. इथं खरखर नाही. जो तुकडा हरवला तो यंत्र पुन्हा मागून घेतं. मिळाला तर जसाच्या तसा, नाही तर शांतता. तेव्हा गाणं थांबत असेल तर वाय-फाय तपासा. खरखरत असेल तर आधी स्पीकरच्या वायरी तपासा.

कोडं सोडवलं कुणी, सांगू? नानांनीच. एके दिवशी मी त्यांच्याजवळ बसले होते. गाणं थांबलं. नाना शांतपणे म्हणाले, “आता टिंग वाजेल, मग लागेल.” आणि खरंच, स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्हचं टिंग ऐकू आलं आणि पाठोपाठ गाणं! मी विचारलं, “नाना, हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?” तर म्हणाले, “पहिल्या आठवड्यापासून. मला वाटलं, मुलांचा अभ्यास आणि जेवणाची वेळ म्हणून तुम्हीच बंद करता. मग कशाला बोला?”

त्यावर मला काही बोलताच येईना.

आता यातलं विज्ञान. आपलं वाय-फाय बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झ या लहरींवर चालतं, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनं. आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न तापवतो तेही जवळजवळ त्याच लहरींनी! ओव्हन असतो सातशे-आठशे वॉटचा, तर राउटरची लहर एका वॉटहूनही कमी. ओव्हनमधून जी किंचित लहर बाहेर येते ती आपल्याला अपाय करत नाही, पण तिच्या गोंगाटात राउटरचं बोलणं ऐकूच येत नाही. पालकसभेत लाउडस्पीकरशेजारी कुणी कुजबुजावं, तसं.

राउटरला दुसरी वाट असते, ५ गिगाहर्ट्झची. ओव्हन तिच्या आड येत नाही. पण या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात. आमचा राउटर हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीमागे जमिनीवर पडलेला. तिथून नानांच्या खोलीपर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. ५ ची वाट त्यांच्या खोलीत पोचेचना. मग राउटर उचलून पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर बसवला. फरक लगेच पडला! लोखंड, आरसे, माशांची टाकी, या सगळ्यांनी लहरी अडतात. राउटर दिसायला बरा नाही म्हणून कपाटात दडवणारी घरं मी पाहिली आहेत. (पालकांनो, तुम्हालाच सांगतेय.)

तरी अधूनमधून गाणं अडायचंच. शेवटी सरळ तार टाकली. नानांचं यंत्र कुठं फिरायला जात नाही. मग त्याला बिनतारी कशाला ठेवायचं? कॅट-६ प्रकारची २० मीटर केबल भिंतीच्या कडेकडेनं नेली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. एका दुकानदारानं सोनेरी टोकांची, कितीतरी पट महाग केबल दाखवली आणि म्हणाला, हिनं आवाज गोड होतो. मी घेतली नाही. तारेतून जातात ते शून्य आणि एक. ते पोचतात किंवा पुन्हा मागवले जातात. तारेला गोडवा कुठून येणार? गोडवा गाणाऱ्याच्या गळ्यात आणि थोडा स्पीकरमध्ये.

तुमच्या घरी तार टाकणं जमत नसेल आणि मधे एक्स्टेंडर लावायचा असेल तर तो वाटेत मध्यावर लावा. जिथं वाय-फाय पोचतच नाही त्या खोलीत लावून काय उपयोग? त्यालाच ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार?

एक प्रयोग करून बघा. घराचा नकाशा काढा. राउटर, ओव्हन, लोखंडी कपाटं, आरसे दाखवा. मग फोनवर गाणं लावून प्रत्येक खोलीत पाच मिनिटं बसा आणि कुठं, किती वाजता थांबलं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर कशानं सुधारलं ते कळणार नाही. भिंतीला भोक पाडायचं आणि विजेच्या बोर्डाजवळचं काम मोठ्यांना करू द्या.

आता आमच्याकडे संध्याकाळी टिंग वाजतं आणि भीमसेनजी गातच असतात. नाना मात्र अजूनही टिंग ऐकलं की हात वर करून सगळ्यांना गप्प करतात, आणि गाणं चालूच आहे याची खात्री झाली की मगच हात खाली घेतात.