चिडी रोजा आणि करवंटीतली बाजरी

आमच्या घरी लहान मुलांच्या अर्ध्या दिवसाच्या रोज्याला ‘चिडी रोजा’ म्हणतात. सहरीला मोठ्यांबरोबर उठायचे, दुपारी जेवायचे आणि संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरख्वानावर सगळ्यांच्या आधी जागा पकडायची. चिमणीच्या पोटाएवढा रोजा. गेल्या रमजानमध्ये माझ्या सहा वर्षांच्या मुलीने असे अकरा रोजे धरले. एका दुपारी वरणभात खाता खाता तिने विचारले, “अब्बा, खऱ्या चिमण्यांना इफ्तार कोण देतं?”

उत्तर नव्हते, म्हणून करवंटी शोधली. कडेला तीन भोके पाडून सुतळी ओवायची, एवढेच काम. पण नऊ वर्षांच्या थोरल्याने हातोडी घेतली आणि पहिल्या दोन करवंट्या फुटल्या. तिसऱ्या वेळी खिळा तापवून मी भोके पाडली. गाठी मात्र त्यांनीच मारल्या. तळाला एक बारीक छिद्र ठेवले, पाणी साचून दाणे कुजू नयेत म्हणून. आत मूठभर बाजरी आणि तांदळाच्या कण्या. शेजारी कुंडीखालची मातीची ताटली, पाण्याची.

तीन दिवस कुणीही फिरकले नाही. मुलगी खट्टू झाली, थोरल्याने “तुझ्याच गाठी वाईट” असा निकाल दिला. चौथ्या दिवशी असरच्या सुमारास एक चिमणी ताटलीच्या काठावर बसली, पाणी प्याली आणि उडून गेली. बाजरीकडे तिने पाहिलेही नाही. घरात ईद झाली म्हणायची.

मला कुणी विचारले, की गरिबांना द्यायचे सोडून पाखरांना कशाला? प्रश्न रास्त आहे. पण जकात आणि फितरा हे मोठ्यांचे हिशेब आहेत. लहान मुलाचा फितराही बापच भरतो. मुलाला त्याचा पत्ताही नसतो. दान म्हणजे अब्बांनी खिशातून काढलेली नोट, एवढेच त्याला दिसते. करवंटीतली मूठ मात्र त्याची स्वतःची असते. कुणी झाड लावले आणि त्याचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, अशा अर्थाची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती सहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायला मला याहून सोपी वाट सापडलेली नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. तो सुरू करण्यात नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता. २०१० साली पहिला दिन झाला. त्या दिवशी प्लास्टिकची तयार भांडी वाटली जातात, मुलांना रांगेत उभे करून फोटो निघतो, आणि मे महिन्यात तीच भांडी रिकामी लोंबकळताना दिसतात. हे मी हसण्यासाठी लिहीत नाही. गेल्या वर्षी रिकाम्या भांड्यांत आमचीही करवंटी होती.

ईद झाली आणि आम्ही दहा दिवस मुलांच्या नानीकडे गेलो. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशी ओलांडलेला. परत आलो तर ताटलीला तडा गेलेला, आत वाळलेली विष्ठा. शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठले. “अरे, सांगून तरी जायचंस! दोन दिवस चिमण्या कोरड्या ताटलीत चोच आपटत होत्या. शेवटी मी आमच्या कठड्यावर पाणी ठेवलं.” मुलगी माझ्यामागे लपली. लाज माझीच होती.

तेव्हापासूनचे माझे मत असे की जमणार नसेल तर टांगूच नये. रमजानमध्ये आपण भरभरून करतो आणि ईदचा चंद्र दिसला की हात आखडतो. पाखरांची तहान त्यानंतरच वाढते. आणि टांगायचेच असेल, तर मुलांबरोबर रोज ताटली घासायचीही तयारी हवी. घाण पाण्याने पक्षी आजारी पडतात. इफ्तारच्या उरलेल्या भज्या, खारवलेले शेंगदाणे बाहेर टाकू नयेत, मीठ त्यांना सोसत नाही. दाणे मूठभरच, नाहीतर कबुतरे ठाण मांडतात आणि चिमण्यांना हुसकतात. शिवाय चिमणीची पिल्ले दाण्यांवर नाही, अळ्या-किड्यांवर वाढतात. म्हणजे कुंडीतल्या झाडावर कीटकनाशक फवारायचे आणि शेजारी बाजरी टांगायची, याला काही अर्थ नाही.

खरे तर आपल्याकडे करवंटीचीही गरज नव्हती. खेड्यांत दारावर ज्वारीची कणसे बांधून ठेवत. यंदा काकूंच्या भावाने मंगळवेढ्याहून कणसांच्या दोन जुड्या आणल्या. एक त्यांच्या कठड्याला आहे, एक आमच्या.

ईदला अजून आठवडा आहे, पण मुलीने बाजरीचा डबा काकूंकडे आत्ताच नेऊन दिला. काकूंनी विचारले, “रोज किती मुठी घालू?”

“माझ्या मुठीने दोन,” ती म्हणाली. मग काकूंच्या हाताकडे पाहून, “तुमच्या मुठीने एकच.”